खाली आलेलं टेबल

माझी नोकरी टिकली ती औंढ्याच्या कचेरीतल्या क्लार्क साहेबांमुळं. दर वाक्यामागं 'बराबर?' म्हणायची त्यांची सवय. मी आठवीत शाळा सोडलेला, पाय पोलिओचे. मालकाला रहिवासाचा दाखला दिला तरच पुण्यातलं काम राहणार होतं, आणि तो घ्यायला रजिस्टरात माझी सही वरच्या मजल्यावर व्हायची. घाबरत हातांवर जिना चढू लागलो, तर साहेबच शिक्का, रजिस्टर घेऊन खाली आले. पायरीवर बसले.

"अमेरिकेत तुझ्यासारखी माणसं चाकाच्या खुर्च्या सोडून संसदेच्या पायऱ्या रांगत चढली. मग तिथं कायदा झाला, बराबर? आता आपल्याकडंबी हाय. तू काहून रांगून राहिला?"

वरून कुणीतरी ओरडलं, "भाऊसाहेब, टेबल सोडून कुठं गेलात?"

"टेबल खाली आणलंय," म्हणत त्यांनी रजिस्टरात माझी सही घेतली आणि दाखल्यावर शिक्का मारला.

आता त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. कधी माझ्याकडं काम पडलं, तर त्यांनी नुसता निरोप धाडावा. पुण्याहून मीच त्यांच्या दारात जाईन.