भूक की कंबर

बारा वर्षं माझी कंबर दुखते आहे. त्यात एक नुकसान झालं, ते लोकांना पटत नाही. शरीर आतून काय सांगतं आहे, हे मला कळेनासं झालं. भूक, लघवी, भीती, सगळं कंबरेतूनच आल्यासारखं वाटतं. म्हणून जेवायचं की नाही, हे मी घड्याळाला विचारतो.

श्राद्धाच्या दिवशी घड्याळाचा उपयोग नाही. वाध्यार, म्हणजे श्राद्ध सांगणारे भटजी, जेवून उठेपर्यंत कर्त्याने उपाशी राहायचं. गेल्या वर्षी बाबांच्या श्राद्धाला पाटावर बसलो असताना बरगड्यांखाली आग पेटली. नेहमीचीच कंबर, असं समजून दात आवळले. ती भूक होती. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वाध्यारांसमोर वाढलेल्या केळीच्या पानावरच मी कोसळलो. सगळा स्वयंपाक पुन्हा करावा लागला.

धाकटा भाऊ चेन्नईत असतो, रोज पहाटे पळतो. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्याने घरोघरी सांगितलं, "अण्णाला भूक आणि कंबर यांतला फरक कळत नाही. पुढल्या वर्षी श्राद्ध माझ्याकडे."

थोरला मी. बाबा गेले ते याच घरात.

त्यानंतर, शरीराचं आतलं मला कितपत कळतं हे बघायला, डॉक्टरांनी मला मनगटाला हात न लावता मिनिटभर हृदयाचे ठोके मोजायला लावले. जन्मभर हिशेब तपासलेला माणूस मी, वीस ठोक्यांनी चुकलो. भावाने तेही गल्लीत पोचवलं.

यंदा तिथीच्या आधी तो बायकोला घेऊन श्राद्धाचं ठरवायला आला. वाध्यारांनी मला मधे दूध घ्यायची मोकळीक दिली होती. ती त्याने हसण्यावारी नेली. जेवणं झाल्यावर, घरात जिचा शब्द चालतो त्या आत्यासमोर मी म्हटलं, "तुझे ठोके मोज बघू. हात न लावता."

मनगट मी धरलं, घड्याळ आत्याने.

"साठ," तो ऐटीत म्हणाला.

"चौऱ्याऐंशी," मी म्हटलं, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पुन्हा मोज."

दुसऱ्यांदा तो आणखी चुकला.

आत्या हसली. "अरे, रोज पळतोस ना? मग आत काय पळतंय, तेही कळत नाही?"

"हा काय पोरखेळ, अण्णा!"

"डॉक्टरांची परीक्षा आहे. मीही नापास झालो. पण मी कुणाच्या घरचं श्राद्ध मागायला गेलो नाही."

"श्राद्ध इथंच होणार," आत्या म्हणाली.

तिथे थांबता आलं असतं. मी मनगट सोडलं नाही. त्याच्या बायकोला आतून बाहेर बोलावलं आणि त्याला तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तो मान खाली घालून मोजत होता, तेव्हा माझ्या छातीत ऊब पसरली. ती कसली, हे घड्याळाला विचारावं लागलं नाही.