वंदनाच्या ओट्सनी माझं रक्त प्यायलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं एखादी गोष्ट चार वर्षं पोटात ठेवली म्हणजे काय, हे इथल्या आमच्या मंडळींना विचारा. अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात कुणाकडेही पॉटलकची अंगतपंगत असो, लोक भात वाढून घेण्याआधी मला शोधतात. नागपूरच्या मे महिन्यात मी स्कूटरच्या सीटवर ऑम्लेट केलं होतं, मिशिगनच्या पहिल्या थंडीत माझी शिंक हवेतच गोठली आणि मी ती खिशात घालून घरी आणली – असलं सगळं मी शपथेवर सांगतो. लोक हसतात. खोटं आहे हे त्यांना माहीत असतं, मला माहीत असतं, कुणाचं काही बिघडत नाही. पण एक खोटं असं आहे, की ते खोटं आहे हे फक्त मला माहीत आहे. आणि बिघडलं – बरंच बिघडलं.

सुरुवात डॉक्टरपासून करतो, कारण राग काढायला तो बरा पडतो. माझ्या मुलीच्या वयाचा असेल. रिपोर्ट बघून म्हणाला, हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन. तुम्ही पार्किंगमधून चालत आलात कसे? मग स्क्रीनवरची नजर न हलवता – “यू आर व्हेजिटेरियन, राइट?”

विचारलं नाही हो त्यानं. मला कळवलं! सावळा चेहरा, भारतीय आडनाव – म्हणजे झालं, हा गवत खाणारा. माझ्या अंगात जे काही उरलं होतं ते रक्त उसळलं. आमच्या घरी रविवारी मटणाचा रस्सा नसेल तर आजोबा कॅलेंडर तपासायचे. आम्ही काय खावं नि काय खाऊ नये, हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनीच ठरवलं. त्या सगळ्याला लाथ मारून आमचे लोक ताठ उभे राहिले. आणि आता हा पोरगा सात समुद्रांपलीकडे बसून माझं ताट ठरवणार? मी खुर्चीतून उठायला हवं होतं. चांगलं सुनवायला हवं होतं.

मी काय केलं? मान डोलावली. “येस डॉक्टर. ऑल माय लाइफ.”

का? कारण पुढचा प्रश्न काय येणार, हे मला ठाऊक होतं. आजाराचं कारण सापडलं की माणूस शोधायचं थांबतो. तरी त्यानं विचारलंच – पेनकिलर वगैरे काही घेता का? आणि मी – तुम्हाला सांगतो, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता – म्हणालो, मी? गोळी? आयुष्यात नाही.

आता ऐका. माझ्या गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या कागदांखाली, पाचशे आयबुप्रोफेनची बाटली होती. ती आठवी होती की नववी, आठवत नाही. दर शनिवारी शाळेच्या जिममध्ये आम्ही व्हॉलीबॉल खेळतो. आम्ही म्हणजे मी, आणि पंचवीस-अठ्ठावीस वर्षांची आयटीतली पोरं. त्यांतला एक जण एकदा म्हणाला, “काका, तुम्ही स्कोअर ठेवा ना, आराम करा.” काका! म्हणा की काका, एरवी सगळेच म्हणतात. पण ‘आराम करा’? त्या दिवशी मी नेटवर असा उडालो, की छताच्या पंख्याशी नजरानजर झाली. खाली आलो तेव्हा गुडघ्यात काहीतरी तुटल्यासारखं वाजलं. मी हसलो. गाडीत जाऊन दोन गोळ्या गिळल्या. पुढे चार झाल्या. मग रोज सहा, कधी आठ, सकाळी रिकाम्या पोटी, काळ्या कॉफीबरोबर. दोन वर्षं. आणि बाहेर माझी टेप चालूच – मी नागपूरच्या उन्हात भाजलेलं हाड आहे, गोळीबिळी आपल्याला माहीत नाही! वंदना, माझी बायको, थायरॉइडची एक इवलीशी गोळी घ्यायची, तिला मी ‘केमिस्टचं दुकान’ म्हणायचो. सगळ्यांसमोर.

मला माहीत नव्हतं, असं म्हणू? पण म्हणता येत नाही. मी गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घेतो, बारीक अक्षरं वाचण्याचाच पगार मिळतो मला. बाटलीवर छापलं होतं – पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ऑफिसचा एक जिना चढताना मला हिमालय आठवायचा. सोडा मशीनमधला बर्फ मी कपच्या कप कडाकडा चावत बसायचो – रक्त कमी झालं की अशी हाव सुटते. आणि सकाळी संडासात जे दिसायचं ते डांबरासारखं काळं होतं, कित्येक महिने. बघायचो. फ्लश करायचो. मला माहीत होतं.

घरी येऊन वंदनाला सांगितलं – आयर्न कमी आहे, खाण्यातून जात नाहीये. ती म्हणाली, असं कसं? मग स्वतःच बोटांवर आठवड्याचं मटण मोजू लागली. कारण दोन वर्षांपूर्वी माझं कोलेस्टेरॉल वाढलं होतं, तेव्हा डॉक्टरच्याच सांगण्यावरून तिनं घरातलं मटण कमी केलं होतं, सकाळचे ओट्स सुरू केले होते. माझ्यासाठी. मला आयता गुन्हेगार सापडला. म्हटलं, “तुझ्या ओट्सनी माझं रक्त प्यायलं, वंदना!”

विनोद होता तो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात युद्धाची तयारी सुरू झाली. कलेजी, अळिवाचे लाडू, बीट, मेथी, खजूर. कुणाच्या तरी बॅगेतून नागपूरहून लोखंडी कढई आली, इतकी जड की विमान एका बाजूला कलून उडालं असणार. आणि डॉक्टरनं दिलेल्या आयर्नच्या गोळ्या मी चहाबरोबर घेतो हे पाहून ती वैतागली, “अहो, चहानं ती अंगी लागत नाही, संत्र्याच्या रसाबरोबर घ्या!” कुठून कुठून वाचून काढायची. व्हिडिओ कॉलवर आमच्या आईनं तोंड सोडलं. “वंदना, इथून गेला तेव्हा माझा पोरगा असा नव्हता गं. गवत खायला घालतेस का त्याला?” मला आईचा इतका राग आला! हजारो मैलांवरून माझ्या बायकोला बोलते? पण आईला ओट्सचं सांगितलं कुणी होतं? मीच.

मग चौदा एप्रिलची जयंती आली. कार्यक्रमानंतर जेवणं चालली होती, मला फर्माईश झाली. मी म्हटलं, काल मला मिशिगनचा डास चावला, चिमणीएवढा. चावला आणि परत फिरला. म्हणाला, माफ करा, मला वाटलं आत कुणी राहतं! अख्खा हॉल हसला. आणि लगेच चार बायका वंदनाभोवती जमल्या. “अगं, पालक देत जा ना.” “आमच्यांचं बघ, तेरा आहे.” “इतका बिचारा झालाय तो, लक्ष दे गं.” मला संताप आला, खरंच आला. इतक्या पदव्या एका हॉलमध्ये, विषमतेवर दोन तास भाषणं ऐकून उठलेली माणसं, आणि पुरुषाचं रक्त कमी झालं की सगळ्यांची नजर बायकोच्या पळीकडे? ही कसली समता? – हे मनात म्हणत मी दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला.

पोटाच्या डॉक्टरकडे जा, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला. मी तीन महिने मीटिंगची सबब सांगत राहिलो. हिमोग्लोबिन जागचं हलेना. हलणार कसं? वरून ती ओतत होती, खालून मी गाळत होतो. शेवटी तिनंच फोन करून एंडोस्कोपीची वेळ घेतली.

आत नेल्यावर नर्सनं विचारलं, कुठली औषधं? आणि जे मी बायकोला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला अर्ध्या मिनिटात सांगून टाकलं. रोज सहा ते आठ. दोन वर्षं. तिनं भुवईसुद्धा उचलली नाही, टाइप केलं फक्त. इतकं सोपं होतं ते! मग तिनं एक फॉर्म पुढे केला – तुमची माहिती पत्नीला सांगितलेली चालेल का? इथला कायदा आहे, विचारावं लागतं. वंदना बाहेर बसली होती, मी शुद्धीवर आल्यावर खाईन म्हणून मऊ खिचडीचा डबा मांडीवर घेऊन.

मी ‘नाही’वर खूण केली.

अल्सर निघाला. रक्त गळत होतं ते तिथून. गोळ्या आजपासून बंद, डॉक्टर म्हणाले, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही चालत येणार नाही. बस, एवढंच म्हणाले. ओट्स नाही, पालक नाही, काही नाही.

परत येताना माझी गाडी वंदना चालवत होती. तिनं विचारलं, “काय म्हणाले?”

इथं – इथं मी थांबू शकलो असतो ना? ग्लव्ह बॉक्स माझ्या गुडघ्यांसमोर होता. नुसता उघडायचा होता. मी म्हणालो, “अल्सर आहे. जेवणाच्या वेळा चुकतात ना, म्हणून.”

आता वेळा म्हणजे काय, ते सांगायला हवं. चौदा वर्षं डिपेंडंट व्हिसावर, कामाची परवानगी नसताना, घरात काढल्यावर, मुलगी मोठी झाल्यावर, वंदनानं माँटेसरी शिक्षिकेच्या कोर्सला नाव घातलं होतं. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी. त्या दोन दिवशी ती जेवण डब्यात भरून ठेवायची आणि मी मायक्रोवेव्हचं बटण दाबायचो. एवढाच माझ्यावरचा अन्याय. कोर्सचे सहा महिने उरले होते. शेवटच्या प्रोजेक्टसाठी तिनं मुलांनी बोटानं गिरवायची सँडपेपरची अक्षरं स्वतः कापली होती, एपासून झेडपर्यंत.

हायवेवरचे दोन एक्झिट गेले. मग म्हणाली, “मग क्लासचं बघावं लागेल.”

आणि सांगू का – तेव्हासुद्धा मला रागच आला. तिचा! ही भांडत का नाही? तुम्हाला हात नाहीत का, डबा गरम करता येत नाही का, असं का विचारत नाही? मी वाट बघत होतो त्याची. वार मी करायचा, आणि हात तिनं धरावा. केवढा हा हरामखोरपणा! मी खिडकीबाहेर बघत बसलो. सोमवारी तिनं कोर्स सोडल्याची ईमेल पाठवली. मी शेजारी बसून तिचं स्पेलिंग तपासून दिलं.

गोळ्या थांबल्या, हिमोग्लोबिन चौदावर गेलं. सगळे म्हणाले, वंदनाचे लाडू! आई म्हणाली, आता कशी ताळ्यावर आली सूनबाई. आणि मी, ज्याला गप्प बसता येत नाही, तो गप्प बसलो.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळींनी बायकांच्या आरोग्यावर कार्यक्रम ठेवला होता, सगळे सहकुटुंब गेलो होतो. एका डॉक्टर मावशींनी अॅनिमियावर भाषण केलं, मग म्हणाल्या, कुणाला अनुभव सांगायचाय? वंदना उठली. इतक्या वर्षांत तिनं कधी माइक हातात घेतला नव्हता, आमच्या घरात माइक माझाच. म्हणाली, “आमच्यांचं रक्त सातवर आलं होतं. चूक माझी होती. मी कोर्स करत होते, घरातलं लक्ष उडालं. ते बिचारे कधी बोलले नाहीत. तुम्ही असं करू नका, एवढंच सांगायचं होतं.”

पुढच्या रांगेत एक मुलगी बसली होती, नवीन लग्न होऊन आलेली, नर्सिंगला प्रवेश घेतलाय म्हणून मघाशीच आनंदानं सांगत होती. ती वंदनाचं बोलणं फोनमध्ये लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

टाळ्या झाल्या. पहिली माझी होती.