डाव्या सोंडेच्या गणपतीचं प्रूफ

आधीच सांगतो, भूत-बित मानणाऱ्यांतला मी नाही. माझी श्रद्धा दोनच गोष्टींवर — इन्व्हर्टर आणि कंट्रोल झेड. मी थापा मारतो हे बीडच्या स्टँडपासून कोर्टापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, तेही नाकारत नाही. पण हे घडलंय... आणि तेव्हापासून मला एका जागी धड बसवत नाही.

बीडमध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, क्लासवाल्यांच्या नोट्स, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. एकेका बॅनरवर इतकी तोंडं बसवलीत की जनगणनावाल्यांनी आकडा माझ्याकडूनच न्यावा. अशा माणसाकडे शैलामॅडम आल्या. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. आयुष्यभर जिल्हा फिरून जुन्या मूर्तींवर लिहिलेलं पुस्तक त्यांना काढायचं होतं. अडचण एकच — नजर जवळजवळ गेलेली. समोर माणूस उभा आहे, एवढंच कळायचं.

"दिनकर, आता तुझे डोळे ते माझे," त्या म्हणाल्या. "एक कॅप्शन चुकली तरी लोक पुस्तक मिटतील आणि म्हणतील, आंधळीनं लिहिलंय. दिसेल तेच सांगायचं. तिखटमीठ नको."

मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला. माझ्या मशीनवर उघडला तर अक्षरांचा असा चुरा, की विष्णूचे दहा अवतार संपून अकरावा निघाला. ते सगळं निस्तरून मी फोटो बसवायला घेतले. डावं-उजवं मूर्तीच्या अंगानं धरायचं, बघणाऱ्याच्या नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. तेव्हा घोटाळा तिथं झाला असेल, असं म्हणू नका.

घाटनांदूरच्या पुढं एका वस्तीवर गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथल्या मूर्तीचा फोटो, खाली कॅप्शन — 'डाव्या सोंडेचा गणेश'. स्क्रीनवर सोंड डावीकडेच. तपासायला कागदावर प्रूफ काढलं... सोंड उजवीकडे!

वाटलं, फोटो उलटा झाला असेल. आमच्या धंद्यात होतं तसं. एक बटण चुकून दाबलं की चित्र आरशातल्यासारखं फिरतं. पण मग मागच्या भिंतीवर रंगवलेलं माजी सरपंचांचं 'सौजन्य'ही उलटं यायला पाहिजे ना? ते सरळ. समई जिथल्या तिथं. फिरली होती फक्त सोंड.

पुन्हा प्रिंट. उजवी. कागद बदलला, प्रिंटर बदलला, पेनड्राइव्ह घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पळालो. उजवी. स्क्रीनवर मात्र डावी. मी त्याच्या दुकानात येरझाऱ्या घालायला लागलो तसा तो म्हणाला, "मूळव्याध झालाय का बे तुला?"

मॅडमना सांगितलं, तर त्या हसल्यासुद्धा नाहीत. माझ्या तोंडून आलेल्या गोष्टीतून निम्मी वजा करायची त्यांची सवयच. म्हणाल्या, वाद कशाला, मूर्तीच बघून येऊ.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गाडी करून गेलो. देवळाचे गुरव किसनमामा दारातच भेटले. गाभाऱ्यात जाऊन मी नीट पाहिलं. शेंदूर चढून चढून मूर्ती भोपळ्यासारखी गुबगुबीत झालेली, पण सोंड स्वच्छ डावीकडे. बोटानं चाचपली. डावीच. मॅडमना तसं सांगितलं. मग मामांना विचारून त्यांनी स्वतः हात पुढं केला.

त्यांची बोटं सोंडेवरून खाली उतरली... आणि मूर्तीच्या उजव्या हाताकडे वळली. मला समोर सोंड डावीकडे दिसतेय, आणि यांची बोटं उजवीकडे, कशाच्या तरी कडेकडेनं, थांबत थांबत चाललेली. एका जागी येऊन टेकली.

"उजवी आहे," त्या म्हणाल्या.

"न्हाई हो बाई," किसनमामा म्हणाले. "उजव्या सोंडेचा देव लई कडक असतोय. सोवळं, उपास, समदं लागतंय त्याला. मी इथं च्या पिऊन पूजा करतो. त्यानं मला कवाच उचलला असता."

"इतकी वर्षं डोळ्यांनी बघून डावी लिहिली," मॅडम हळूच म्हणाल्या. "हात आज पहिल्यांदा लावला." आणि गाडीत बसल्याबरोबर त्यांनी मला कॅप्शन बदलायला सांगितली — उजव्या सोंडेचा गणेश.

आता पुढचं ऐका. दुकानात येऊन नवं प्रूफ काढलं, तर डावी! कितीही काढली तरी डावी. म्हणजे चित्रात डावी, खाली अक्षरात उजवी. मॅडमना सुचवलं, कॉम्प्युटरवर सोंड फिरवून देतो, खुद्द देवाला पत्ता लागणार नाही. असल्या कलाकारीनं मी निम्म्या जिल्ह्याची टकलं झाकलीत.

"फोटोला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटांना लागलं ते मी लिहिलं. लोक हसले तर मला हसतील."

पुस्तक बाहेरगावी छापून आलं. सुतळी दातानंच तोडून गठ्ठा फोडला. पान उघडलं... सोंड उजवी. दुसरी प्रत, उजवी. होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या प्रती चाळल्या. पाठवलेली फाइल उघडली — डावी. प्रेसवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, तुमच्या देवाची सोंड फिरवायला आम्हाला काय दुसरे धंदे नाहीत का.

प्रत घेऊन तसाच मॅडमच्या घरी पळालो. धापा टाकत सांगितलं, मॅडम, उजवी आलीय, तुमची कॅप्शन बरोबर आहे.

त्या म्हणाल्या, "दिनकर, माझं मन राखायला खोटं बोलू नकोस."

मी आईची शपथ घेतली. शेजारच्या काकूंना बोलावून पान दाखवलं. काकूही म्हणाल्या, उजवी. तर मॅडम म्हणतात, "यांनाही पढवून आणलंस."

फाइल माझ्याकडे आहे. आजही उघडली की डावी. हे कसं झालं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा, फक्त प्रिंटर बदलून बघ म्हणू नका. पण सोंड कशी फिरली, याचाही आता मी फारसा विचार करत नाही. मला बसू देत नाही ते वेगळंच. काकू गेल्यावर मॅडमनी पुस्तक मांडीवर घेतलं, मला पान उघडून द्यायला सांगितलं आणि फोटोवर बोट ठेवून सोंड शोधत हळूहळू फिरवत राहिल्या...

कागद गुळगुळीत होता.