गिअरबॉक्स उतरवण्याआधी

नवऱ्याने मला गाडी चालवायला शिकवलं, पण गाडीबद्दल काडीचंही सांगितलं नाही. ऑइल कधी बदलायचं, फिल्टर कुठे असतो, कुठल्या आवाजाला घाबरायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. मी विचारलं की म्हणायचा, "तू फक्त स्टिअरिंग धर." आणि मला ते बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? मागच्या श्रावणात एका सकाळी त्याच्या छातीत कळ आली आणि तासाभरात सगळं संपलं. गाडी माझ्याकडे राहिली.

मी धुळ्याहून रोज नरडाण्याच्या शाळेत शिकवायला जाते. संक्रांतीनंतर गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन बोंबलायचं, पण गाडी जागची हलायची नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव नकोसा करायचे. शेवटी एका रविवारी साक्री रोडवरच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री नवऱ्याचा बारा वर्षांचा हक्काचा माणूस. मला त्याने आजवर फक्त बाजूच्या सीटवर बसलेलं पाहिलं होतं.

"वहिनी, भाऊ नही उनात?" त्याने विचारलं.

त्याला कुणी कळवलंच नव्हतं. नातेवाईक, बँक, शाळा, सगळ्यांना कळवलं, गॅरेज राहून गेलं. सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "ते सुरतला गेलेत."

असं का बोलले ते मला तेव्हाच कळलं होतं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याबद्दल असं विचारत होतं, जणू तो उद्या येणार आहे. निदान या पत्र्याच्या शेडमध्ये तरी तो जिवंत होता. मला ते मोडवेना.

मिस्त्रीने गाडी एक चक्कर फिरवून आणली. ऑइल आणि फिल्टर बदलायला झालेच होते, ते त्याने मला न विचारता काढायला घेतले. मग म्हणाला, क्लच प्लेट पार झिजली आहे, बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल.

"मग उतरवा," मी म्हणाले.

"नही वहिनी. भाऊनी सांगेल शे. ऑइल, फिल्टर बठ्ठं तू करी टाक, पन गिअरबॉक्स माले इचारा बिगर उतारू नको."

हे खरं होतं. पूर्वी दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने गरज नसताना गिअरबॉक्स खोलून गाडीची वाट लावली होती, तेव्हापासून नवऱ्याने हा दंडक घातला होता. पण माझं डोकंच फिरलं. गाडी मी चालवते, रस्त्यात मी अडकते, आणि परवानगी आणायची सुरतहून! त्यातून सुरतला त्याला मीच पाठवलेलं, बोलायचं कुणाला?

"अहो, मी सांगतेय ना. मला उद्या शाळेत जायचंय."

"भाऊ माले बोलतीन, वहिनी. एक मिनिट लागस. मी फोन लावस ना." त्याने फडक्याला हात पुसले.

"नको, ते कामात असतील," मी म्हणेपर्यंत त्याने फोन कानाला लावलासुद्धा.

आणि माझ्या पर्समध्ये रिंग वाजली. बँकेचे मेसेज त्याच नंबरवर येतात म्हणून मी तो फोन चालू ठेवला होता. निदान लोकांना तरी तसंच सांगत होते. रिंग थांबेना. मी फोन बाहेर काढला. स्क्रीनवर 'गॅरेज' असं आलं होतं.

"भाऊ फोन घर इसरी ग्यात का?" मिस्त्री हसत म्हणाला.

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मला पुन्हा खोटं बोलवेना.

"ते नाहीत हो आता," मी म्हणाले. "श्रावणात गेले."

त्याने फोन कानावरून काढला, पण बंद करायचं त्याला सुचलं नाही. माझ्या हातात रिंग वाजतच राहिली. तो जुन्या टायरवर खाली बसला.

"माले कोणी सांगं नही," तो म्हणाला. मग त्याने गाडीकडे पाहिलं. "मंग आते कोणले इचारू?"

मुलीच्या कॉलेजचा फॉर्म, घराची कागदपत्रं, सासूबाईंचं ऑपरेशन. सात महिने मी प्रत्येक वेळी हाच प्रश्न भिंतींना विचारत आले होते.

"उतरवा," मी म्हणाले.

तो उठला. पाने घेतले, गाडीपाशी गेला आणि तसाच उभा राहिला. मी पुन्हा एकदा सांगावं म्हणून तो थांबला होता, आणि नवऱ्याचा दंडक मोडणारा तो शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघेना.