आबांची हाळी

आजोबांचं घोंगडं उन्हात टाकलं की लोकरीच्या वासासरशी मी घोड नदीच्या काठावर जाते. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून मामांच्या मॅटाडोरमध्ये गाद्या आणि स्टोव्ह टाकून आम्ही दोन दिवस तिथं मुक्कामाला गेलो होतो. झोपणं गाडीतच.

दुसऱ्या दिवशी इनामगावचं जुन्या वस्तीचं टेकाड बघताना माझी पाच वर्षांची बहीण छबी दिसेनाशी झाली. मामा पाण्याकडं धावले. आईच्या हाका रडण्यात बुडाल्या. आजोबांनी, म्हणजे आबांनी, जन्मभर मेंढरं राखलेली. ते टेकाडावर चढले आणि मेंढरांना घालतात तशी हाळी घातली, "हुर्रर्र... ये, ये!" फिरायला आलेली पुण्याची माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात एका चरातून बारीक आवाज आला, "बेंऽऽ!" घरी छबीचा आणि आबांचा हा रोजचा खेळ. मातीनं माखलेली छबी वर आली आणि आबांवरच चिडली, "कवाची लपलीया! इतका येळ हाळीच न्हाई दिली तुम्ही!"

आई रडता रडता हसायला लागली.

परवा बागेत माझी लेक नजरेआड झाली, तेव्हा माझ्या तोंडून तिचं नाव निघालंच नाही. निघाली ती हाळी. लोक वळून हसले. हसू देत. झाडामागून "बेंऽऽ" आलं होतं.