पेशोराकची गाभण घोडी

आन्सेल्म देल्पेशला आमच्या पेशोराक गावात सगळे घोडीवाला म्हणायचे. त्याच्याकडे घोडी नव्हती, साधं गाढवही नव्हतं. जी होती ती टेकडीच्या पोटात, दगडावर रंगवलेली. कोणी काढली, किती हजार वर्षांपूर्वी काढली, हे शिकलेली माणसं येऊन सांगून गेली. आम्हाला ती आन्सेल्मची घोडी एवढंच ठाऊक.

उन्हाळ्यात पेशोराकला वर येणारी माणसं ठरल्याप्रमाणे वागतात. सकाळी खाली नदीवर होड्या वल्हवायच्या, दुपारी चौकात माझ्या कॅफेत बसून जेवायचं आणि ऊन उतरलं की गावाच्या तटावरून फेरी मारून खालच्या दरीचे फोटो काढायचे. गुहा उघडी होती तोवर त्यात घोडीही असायची. "ती न बघता गेलात तर एवढा चढ चढलात कशाला?" असं मीच गिऱ्हाइकांना सांगायचे.

गुहा सापडली तेव्हा आन्सेल्म विशीचाही नव्हता. तो आणि त्याचा बाप उतारावरच्या मेलेल्या अक्रोडाचा बुंधा उपटत होते. बुंधा निघाला आणि खाली भोक पडलं. बापाने पोराच्या कमरेला दोर बांधला, हातात कंदील दिला आणि सोडला खाली.

"काय आहे रे?" बाप वरून ओरडला.

"घोडी आहे."

"डोकं आपटलं काय तुझं?"

"चित्र आहे, बाबा. गाभण घोडी. पोट केवढं आहे बघा तिचं!"

बाप काही बघायला उतरला नाही. त्याला त्या जागी नवं झाड लावायचं होतं. पण वर्षभरात सरकारी माणसं आली, पायऱ्या झाल्या, दिवे आले आणि लोकांना आत नेऊन दाखवायचं काम आन्सेल्मला मिळालं. दुसरं काम त्याने कधी मागितलं नाही.

ओदेतही त्याला तिथेच भेटली. ती दोन मैत्रिणींबरोबर सायकलवरून लिमोजहून फिरायला आली होती. घोडी बघून मैत्रिणी नदीवर पोहायला गेल्या. ही पुढच्या खेपेला पुन्हा रांगेत, त्याच्या पुढच्या खेपेलाही.

"इतकी आवडली घोडी?" आन्सेल्मने विचारलं.

"घोडीकडे मी अजून नीट बघितलंच नाही," ओदेत म्हणाली.

हे ती स्वतः सांगायची, आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. पुढच्या वसंतात लग्न झालं. तेव्हापासून गुहेच्या तोंडाशी असलेल्या लाकडी खोपटात ती तिकिटं फाडायला बसू लागली. सोबत स्वतः भाजलेला अक्रोडाचा केक विकायची. कोणीतरी बाहेर थांबायलाच हवं, म्हणून तिचं आत जाणं जवळजवळ बंदच झालं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत वर्षं गेली.

त्यांना मूल झालं नाही. कोणी नवख्याने विचारलं तर ओदेत म्हणायची, "आमच्या घरात दिवस गेलेत ते फक्त घोडीला. तीही बाळंत व्हायचं नाव घेत नाही." सगळे हसायचे, तीही हसायची. मग उगाचच टेबल पुसत बसायची.

हिवाळ्यात पाहुणे नसत. तरी आन्सेल्म रोज सकाळी खाली उतरायचा आणि तासन् तास बसून यायचा. पोस्टमन फिर्मँ जाता जाता हाक मारायचा, "काय ओदेत, गेला का सवतीकडे?"

"जाऊ दे. तेवढाच माझ्या पायात पायात येत नाही."

मग त्या एका उन्हाळ्यात, ज्या उन्हाळ्यात गर्दी कधी नव्हती एवढी झाली, आन्सेल्मला घोडीच्या मानेवर हिरवा ठिपका दिसला. नखाएवढा. त्याने कोणाला सांगितलं नाही. सुट्ट्या संपेपर्यंत थांबू, असं त्याने ठरवलं. रोज शेवटचा पाहुणा गेला की दिवा जवळ नेऊन बघायचा. ठिपक्याचे ठिपके झाले. शेवटी त्याने कळवलं, तेव्हा तूलूजहून मादाम व्हेर्निये आल्या. चित्रांवरच्या बुरशीचा अभ्यास केलेली, बारीक आवाजाची बाई. दोन दिवस आत काम करून त्या माझ्याकडे कॉफी प्यायला बसल्या. आन्सेल्म समोर उभाच.

"कशाने झालं?" त्याने विचारलं.

"दिव्यांनी, अंगाच्या उबेने. आणि श्वासाने, मुख्य म्हणजे. इतकी माणसं आत श्वास घेतात, मस्यू देल्पेश. दगड ओला राहतो."

"माणसं थोडा वेळ असतात. बघतात नि बाहेर पडतात."

मादामनी कॉफी ढवळली.

"सगळ्यात जास्त वेळ मी असतो," आन्सेल्म म्हणाला. "हिवाळ्यात तर एकटा मीच."

"तुमचा दोष नाही. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं."

तो खुर्चीत बसला. मी त्याच्यापुढे ब्रँडीचा पेला ठेवला. त्याने त्याला हातही न लावता तो तसाच ठेवला.

गुहेला लोखंडी दार लागलं. मादाम वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, तपासायला यायच्या आणि त्यांच्याबरोबर आणखी एका माणसाला आत जायची परवानगी होती. दरवर्षी त्या आन्सेल्मलाच विचारायच्या. दरवर्षी तो दारापर्यंत जायचा आणि थांबायचा. "तुम्ही जा. मी आत आलो तर श्वास घेईन." त्या बाहेर आल्या की विचारायचा, "आहे का ती?" त्या म्हणायच्या, "आहे."

पोटासाठी तो होडीवाल्यांची गाडी चालवायला लागला. खालच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसांना ओल्या चड्ड्यांसकट पुन्हा वर आणून सोडायचं. मेयरने जुन्या शाळेत घोडीची नक्कल करून घेतली आणि ती दाखवायचं काम त्याला देऊ केलं. तो एकदा बघून आला.

"कशी आहे रे?" मी विचारलं.

"पोट मोठं काढलंय. गाभण नाही काढता आली."

ओदेतच्या रक्तात आजार निघाला तो काही वर्षांनी, एका शरद ऋतूत. तूलूजच्या इस्पितळात दोनदा ठेवलं, मग डॉक्टरांनी घरी पाठवलं. घरी पाठवलं म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळलं. तिलाही. मी सूप घेऊन गेले होते त्या संध्याकाळी तिने हा विषय काढला.

"आन्सेल्म, फेब्रुवारीत मादाम येतील तेव्हा मी जाते आत. तू काही जात नाहीस. तुझी जागा मला दे."

तो चुलीत लाकूड सारत होता. "नको, ओदेत."

"एकदाच. सगळ्या जगाला तिकिटं फाडून दिली मी. मला एक नाही?"

"एका माणसाचासुद्धा श्वास..."

"माझे उरलेत किती श्वास, आन्सेल्म?"

लाकूड तसंच त्याच्या हातात राहिलं. ओदेतने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी सूप टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी तो कॅफेत आला. मी त्याला सोडलं नाही. "तुला लाज वाटत नाही? ती बायको आहे तुझी. ती दुसरी भिंत आहे, भिंत!"

"मला माहीत आहे, क्लेमांस."

"मग हो म्हणायला जीभ झडते काय?"

"एवढी वर्षं मीच तिला मारलं," तो म्हणाला. तो घोडीबद्दल बोलत होता. "आता वाचवायला माझ्या हातात एवढंच आहे, आत न जाणं. तेही सोडलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

मी म्हटलं, "ओदेत राहते ना. थोडे दिवस का होईना." तो उठून गेला.

त्याने घरी जाऊन हो म्हटलं. मादामना फोनही केला. त्या लगेच कबूल झाल्या. ओदेतने कपाटातून जाड मोजे काढून उशाशी ठेवले, आत गारठा असतो म्हणून. पण जानेवारीत तिचे पाय गेले. फेब्रुवारी आला तेव्हा तिला उशीला टेकवून बसवायलाही दोघं लागत. होडीवाली पोरं म्हणाली, आम्ही खुर्चीत घालून नेतो. डॉक्टर नको म्हणाले, आणि ओदेतच म्हणाली, "पायऱ्यांवर जीव गेला तर ह्याच्या घोडीला आणखी बुरशी यायची." मग नवऱ्याचा हात धरला. "तू जा. बघून ये आणि मला सांग. नीट बघ. घाई करू नकोस."

तो गेला. दार लागलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच. मादाम सांगत होत्या, आत त्याने तोंडावर मफलर घट्ट धरला होता.

तो परत आला तेव्हा मी ओदेतपाशी बसले होते. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "बस गं." तो पलंगाच्या कडेला बसला आणि सांगायला लागला. पाहुण्यांना सांगायचा तसं नाही. हळूहळू, मध्ये थांबत. मान कशी खाली घातलीय, जणू पाणी प्यायला. पाठीवरची रेघ एका दमात ओढलेली, कुठे हात कापलेला नाही. पोटापाशी दगडच फुगीर आहे, त्या माणसाने तो फुगवटा हेरून तिथेच पोट काढलं, त्यामुळे दिवा हलला की आतलं शिंगरू हलल्यासारखं वाटतं.

"अजून हलतं?" ओदेतने विचारलं.

"हलतं."

"आणि मान?"

"मानेवरचं हिरवं गेलं. स्वच्छ आहे सगळं. तू पहिल्यांदा बघितलीस ना, तशीच आहे."

"तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते," ओदेत म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. तो बराच वेळ तिचा हात चोळत बसला.

मी निघाले तसा तो दारापर्यंत आला. दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकला.

"काही राहिलं नाही, क्लेमांस. काळं पडलंय सगळं. मादाम मला वाईट वाटू नये म्हणून दरवर्षी 'आहे' म्हणायच्या. पाठीची थोडी रेघ आहे. बाकी मी आठवून सांगितलं."

मी त्याचा कोट नीट केला, बटण लावलं.

ओदेत मार्चच्या सुरुवातीला गेली. वरच्या दफनभूमीत जमीन गारठ्याने अजून कडक होती, खणायला वेळ लागला. तिकिटांचं खोपट त्याने स्वतः मोडलं आणि फळ्या मला चुलीसाठी आणून दिल्या. उन्हाळा लागताच तो पुन्हा गाडी चालवायला लागला. गाडीतली माणसं हौशीने विचारायची, आणखी बघण्यासारखं काय आहे इथे? तो म्हणायचा, तट आहे, रविवारचा बाजार आहे, चालायला कड्याची वाट आहे. संध्याकाळी गाडी लावून तो माझ्याकडे जेवायला यायचा. एकट्यासाठी चूल पेटवत नाही, म्हणायचा. मी वाढायचे. फारसं बोलणं होत नसे. एकदा मात्र जेवता जेवता मध्येच म्हणाला, "ओदेतला मी आधीच आत न्यायला हवं होतं. दार लागायच्या आधी. पाहुणे नसलेल्या कितीतरी सकाळी तिथे आम्ही दोघंच तर असायचो."