मारलं म्हणजे काय?

दवाखान्यात शेवटचं बोलणं झालं तेव्हा सुमनने, माझ्या बायकोने, एवढंच विचारलं, "रामाचा निकाल आला का हो?" आला नव्हता. त्याच दुपारी ती गेली... मला त्याचा रागही आला होता, तो अजून गेलेला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात शेवटचा प्रश्न तरी माझ्या वाट्याला यायला हवा होता.

सुमन जालन्याच्या कोर्टात वकिली करायची. रामा धावडा गावचा, हसनाबादला एका शेतकऱ्याकडे सालगडी होता. एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर तो चारचौघांत बोलून गेला, "आज मालकाला मारलं म्या." दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आणि मालकीण घरात मेलेले सापडले. टपरीवरच्या माणसांनी जे कानावर पडलं तेच कोर्टात सांगितलं, खोटं कुणीच बोललं नाही. रामाला फाशीची शिक्षा झाली. मग त्याची आई, कौसाबाई, आमच्या ओसरीवर येऊन बसली. "बाई, मालकानं माह्यावरून शिवी दिल्ती. म्हून रामानं थोबाडीत मारली, तेवढंच सांगून राह्यल्ता वो."

त्या एका शब्दाला धरून सुमन हायकोर्टात गेली. घरात तर तिने उच्छाद मांडला. मी नुसतं म्हणायचा अवकाश, "झुरळ मारलं," की स्वयंपाकघरातून आवाज, "मारलं म्हणजे काय? नीट सांगा. जिवंत आहे का?" मी वैतागायचो, ती खुदुखुदु हसायची. परवा डास मारला आणि उगाच मोठ्याने तसं म्हणालो. थोडा वेळ वाट पाहिली. मग दिवा लावला.

लग्नकार्यात नातेवाईक तिला खुन्यांची वकीलबाई म्हणायचे. एकदा जेवणाच्या पंगतीत माझ्या मेहुण्याने सरळ विचारलं, "ताई, आपल्या घरातलं माणूस मारलं असतं तर?"

"रडले असते. पण दोरी मागितली नसती."

"आणि रामानंच खून केला असंल तर?"

"तरीही नाही. अरे, तुरुंगातला माणूस चूक कळल्यावर घरी तरी आणता येतो." मग ताटातल्या जिलेबीकडे बघत हळूच म्हणाली, "शब्दाचे दोन अर्थ निघत असतील ना, तर माणूस जिवंत राहील तो घ्यायचा." मला तेव्हा तिचा काय अभिमान वाटला होता! तोंडाने मात्र मी फक्त मठ्ठा मागितला.

ती जाऊन महिना उलटला आणि गेल्या आठवड्यात फोन वाजला. पलीकडे कौसाबाई, रडतही होती, हसतही होती.

"दादा, सुटला! माहा रामा सुटला! बिलकुल निर्दोष म्हणले जज्जसाहेब. बाईला द्या जल्दी!"

"बाई गेल्या," मी म्हणालो.

"कुठं गेल्या वो? कवा येतील?"

ती पेढे घेऊन दारात उभी राहील तेव्हा सांगावं लागेलच. पण त्या क्षणी ती इतकी आनंदात होती... आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला गोड वाटलं, कवा येतील. सुमन असती तर तिने लगेच टोकलं असतं, गेल्या म्हणजे काय, नीट सांगा. मी नीट सांगितलं नाही. शब्दाचे दोन अर्थ निघत होते.

"आल्या की सांगतो," मी म्हणालो.